आंब्याच्या पेटीतला सूर

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढच्या रांगा भरा, म्हणजे मला आवाज चढवायला नको. ही गोष्ट ओरडून सांगायची नाहीच. एका मुलीची आहे, एका वायरलेसवाल्याची आहे, आणि रामजन्माच्या दुपारी साऱ्या गावाला उभं करणाऱ्या एका गळ्याची आहे. प्रेमाची गोष्ट आहे. शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हातानं उठणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं.

तर देवगडात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान आहे. फाल्गुनातली सकाळ. कलमांच्या बागेतून येणाऱ्या वाऱ्याला कोवळ्या कैऱ्यांचा आंबटसर वास. काउंटरपाशी गौरजा उभी होती. मिठबावच्या हायस्कुलात ती संगणक शिकवते. डोळ्यांवर आलेली बट मनगटानं मागं सारायची तिला सवय.

"ब्लूटूथचा डोंगल द्या. दुसऱ्या कंपनीचा."

"बाई, तीन नेलात महिन्याभरात," दुकानदार म्हणाला.

"म्हणून तर दुसऱ्या कंपनीचा."

"चौथो नको घेव," शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. सावळा, उंच, खारं ऊन अंगावर मुरलेला एक जण हातात सोल्डरिंगच्या तारेचं वेटोळं घेऊन उभा होता. बोलून झाल्यावर त्यालाच संकोच वाटला असावा, तो तारेकडे बघत राहिला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कोणी नाय. पण तीनव सारखेच वागले तर दोष तेंचो नसता." मग जरा थांबून, "आवाज बरो येता... आणि मधीच सॉफ्टवेअर बंद पडता. होय ना?"

गौरजानं बट मागं सारली. "तुम्ही काय करता?"

"होड्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करतंय. जेटीर. रविकांत माजा नाव."

तिनं पिशवीतून एक शंभर पानी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. आत नोंदी होत्या. किती वाजता बंद पडलं, त्या वेळी संगणकावर आणखी काय चालू होतं, पडद्यावर कोणता संदेश आला, बाबा खुर्चीत होते की ओटीवर. अशा एकेचाळीस.

त्यानं उभ्याउभ्या सगळी वही वाचली. गिऱ्हाइकं आली, गेली.

"ह्यां तुमी लिवलास?"

"मग कोण लिहिणार?"

"होडये चालवणारे तांडेल येतत आणि सांगतत, सेट बिघडलो. कधी, कसो, काय करताना — काय नाय. आणि तुमी..." वही दोन्ही हातांनी परत देत तो म्हणाला, "रविवारी येव? बघूक?"

काय बघायला, हे तिनं विचारलं नाही.

आता हे बाबा कोण, ते सांगायला हवं. बाबा म्हणजे गणपतबुवा. एकतीस वर्षं मिठबावात रामनवमीचं कीर्तन त्यांचं. डोक्याला पगडी, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की पहिल्या नमनालाच देवळातली पोरं रडायची थांबत. पण गेली दोन-तीन वर्षं बुवांचे कान उतरणीला लागले होते. चारचौघांत ते सगळ्यांच्या मागून हसायचे... लोक हसताना बघून. आणि गेल्या नवरात्रात, अष्टमीच्या कीर्तनात, तबला थांबला तरी बुवा गातच राहिले. हार्मोनियमचा सूर एका पट्टीत, बुवा भलत्याच. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दसऱ्याची पूजा उचलल्यावर बुवांनी कीर्तनाची पोथी बासनात बांधली, देवघराच्या फळीवर ठेवली, आणि त्या दिवसापासून तिला हात लावला नाही.

कानातलं यंत्र आणून झालं होतं. हार्मोनियमजवळ गेलं की ते शिटी वाजवायचं. म्हणून गौरजानं स्वतःच एक घाट घातला होता. हार्मोनियमजवळ बारीकसा माइक. तिथून सूर संगणकात. बाबांना जे स्वर अजून ऐकू येतात त्यांच्यात तो सूर सॉफ्टवेअरनं उचलून बसवायचा, आणि बिनतारी इअरफोनमधून, पगडीखालून, थेट कानात सोडायचा. दहा मिनिटं हे इतकं सुरेख चालायचं की बाबांचे डोळे मिटायचे. मग बाबा जागचे उठायचे, आणि मधेच सॉफ्टवेअर बंद. बाबा म्हणायचे, "ऱ्हवांदे गो. देवाक नको असात."

पाडव्याला देवळात पंचांगवाचन झालं की रामनवमीचे कीर्तनकार कोण ते जाहीर होतं. या वर्षी बुवा नाही म्हणाले, तर देवस्थानची माणसं दुसऱ्याला बोलावणार होती. आणि एकदा दुसरा आला की बुवा पुन्हा उभे राहणार नाहीत, हे गौरजाला ठाऊक होतं. हातात पंधरा दिवस होते.

रविवारी रविकांत आला. ओटीवर बुवांना वाकून नमस्कार केला. आत आला, संगणक बघितला... आणि खालीच बसला.

संगणक हापूस आंब्याच्या लाकडी पेटीत होता. फळ्यांच्या फटी हवेला तशाच ठेवलेल्या, पंख्यापुरतं एका बाजूला गोल कापलेलं, आतल्या तारा सुंभानं आवळून कडेला लावलेल्या.

"शाळेतल्या चार मोडक्या संगणकांतून जुळवलाय," गौरजा जरा आक्रसून म्हणाली. "मदरबोर्ड तेवढा नवा. हसायचं तर हसून घ्या."

"हसू कित्याक?" त्यानं पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "वारो एकीकडसून आत येता, दुसरीकडसून भायर जाता. एक तार सैल नाय. बाई, होडी अशी बांधतत."

गौरजाला आयुष्यात पुष्कळांनी हुशार म्हटलं होतं. होडीसारखं कुणी काही म्हटलं नव्हतं. ती चहा टाकायला आत गेली आणि साखर दोनदा घातली.

सुशीला आत्या चुलीपाशी होती. बुवांची थोरली बहीण, घराचा कारभार तिच्या हातात. ती कप घेऊन स्वतःच बाहेर आली.

"कोणाचो रे तू?"

"हिराचो झील. मासळी घेवन येता ती."

"हिराचो? बुधवारी माका शिळे बांगडे देऊक बघी होती ती?"

"मगे दिल्यान?"

"माका कोण देतलो," आत्या म्हणाली आणि कप त्याच्या हातात दिला. म्हणजे ओळख पक्की झाली.

चहाचा घोट घेऊन त्यानं गौरजाकडे पाहिलं. "दरवर्सा रामनवमीक माजी आवस टोपली घेवन देवळाभायर उभी ऱ्हवता. बुवांचो पाळणो ऐकूक. तकडेच शिकली ती. माका लहानपणी त्याच पाळण्यान निजवल्यान." मग आणखी एक घोट. "साखर लय झाली... पण बरी लागता."

त्या पंधरा दिवसांत तो सहादा आला. प्रत्येक वेळी काही ना काही घेऊन — एकदा जेटीवरची मोजणीची यंत्रं, एकदा लांब वायर, एकदा केवड्याचं पान. "पुस्तकात घालूक," म्हणाला. तिनं ते नोंदवहीत घातलं. दोघं पेटीशी बसत. तो विचारी, ती सांगे. तिच्या नोंदीतून तो अशी एखादी ओळ उचली की ती थक्क होई, आणि ती असं काही करून दाखवी की तो हातातलं काम सोडून बघे. कितव्या दिवशी कोण जाणे, बंद पडलेलं सॉफ्टवेअर तिनं तिसऱ्यांदा चालू केलं आणि वैतागून म्हणाली, "ह्याका आता समुद्रात बुडवतंय."

"बाई मालवणी बोलली," रविकांत ओटीकडे बघून म्हणाला.

"गप ऱ्हव."

"दोनदा बोलली."

पाडव्याच्या आदल्या दिवशी उलगडा झाला. रविकांत वही उलटी, शेवटाकडून वाचत होता. "बाबा खुर्चीतसून उठले, बंद. बाबा ओटीर गेले, बंद. आत्येन हाक मारली, बाबा भितूर गेले, बंद... गौरजा, ह्यां वेळेर नाय पडणा. ह्यां बाबा लांब गेले, की पडता."

ती पेटीमागे वाकली. तो तिच्या शेजारी वाकला. मदरबोर्डच्या पाठीवर दोन सोनेरी खुंट्या होत्या. रिकाम्या.

"हेच्यात स्वतःचो वायरलेस आसा," तो हळू म्हणाला. "तेका तुमी कान लावूक नाय. म्हणान तो चलना नाय. म्हणान तुमी डोंगल लावलास. पण तो मेलो नाय... बाबा जरा लांब गेले, डोंगल कमी पडलो, की तो मधीच जागो होता आणि तेच आवाज धरूक बघता. एका होडयेत दोन तांडेल. सॉफ्टवेअर बिचारा बुडता."

त्यानं एक बंद केला, मग दुसरा. नुसत्या डोंगलनं आवाज दोन हातांपलीकडे तुटत होता, आणि बुवा तर कीर्तनात पार खांबापर्यंत नाचत जात. आतला वायरलेस त्याच्या कानांशिवाय बहिराच.

"दोन काळ्या दांड्यो असतत, अँटेना. डब्यातून मिळाल्यो असतीत."

गौरजाचा हात बटेशीच थांबला. "दसऱ्याक," ती म्हणाली. "खंडेनवमीक आत्येन सगळे सुटे भाग पाटार मांडलेले. पूजेक."

"हत्यारा आणि पुस्तका, सगळा एका पाटार," आत्या दारातून म्हणाली. "कोयती, विळी, तुजा तां हिरव्या पाटीचा, दादाची पोथी. उलगल्यावर मी एक-एक मोजून परत दिलंय. दांड्यो माका गावूक नाय."

सगळं घर धुंडाळलं. कोयतीची खोबण, विळीमागचा कोपरा, आपट्याच्या वाळक्या पानांचा डबा, सगळं. त्या पाटावरची फक्त एकच वस्तू उरली होती जी तेव्हापासून कुणी उघडली नव्हती.

तिघांनी देवघराच्या फळीकडे पाहिलं. लाल बासन. वर सहा महिन्यांची धूळ.

बासनाची गाठ बुवांशिवाय कुणी सोडायची नाही, हा घरातला नेम.

"मी कोल्हापूरसून नवीन मागवतंय," रविकांत पटकन म्हणाला. "रामनवमीच्या आधी येतीत. बासनाक हात नको लावूया."

माडांत वारा सळसळत होता. गौरजा म्हणाली, "नवीन इल्यो तर मशीन चलात. पण ती गाठ तशीच ऱ्हवात." आणि ओटीवर गेली.

बुवा झोपाळ्यावर बसले होते. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. अर्धं त्यांना कळलं, अर्धं त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली. नाही.

तेव्हा रविकांत आला आणि झोपाळ्याशी, जिथे बुवांचे पाय टेकले होते त्या लाकडी पाटाच्या कडेला मांडी घालून बसला. दोन्ही तळव्यांनी पाटावर ठेका धरला. होडीवर इंजिनाच्या घरघरीत शब्द पोचत नाहीत. बाप लेकाशी फळीवर थाप मारूनच बोलतो. ती त्याची जुनी भाषा होती. आज तिच्यात पाळण्याचा धुमाळी ठेका होता, आईनं शिकवलेला.

पहिलं आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला बुवांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

"ताल इलो," बुवा पुटपुटले. त्यांनी पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा पाय होता. "ताल खंय गेलोच नाय माजो. हंय आसा."

"मगे सुराचा मी बघतंय, बाबा," गौरजा त्यांच्या कानात म्हणाली. "सूर बिनतारी येताना केसाएवढो मागे ऱ्हवता. तो तुमी सांभाळून घेशात. ताल पायांत, सूर कानात. बासन सोडा."

बुवा उठले. हातपाय धुतले, देवापुढे क्षणभर उभे राहिले, आणि फळीवरून बासन उतरवून गाठ सोडली. घट्ट बसली होती. डोळ्यांत पाणी असताना मारलेली गाठ तशीच बसते. पोथीच्या पानांमधून एक पारदर्शक पिशवी घसरून मांडीवर पडली. आत दोन काळ्या दांड्या. दोन्हींना हळद, कुंकू, आणि एक-एक चिकटलेली अक्षत.

बुवांनी ती पिशवी डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली. "ह्यां माजा न्हय," ते म्हणाले.

आत्या आधी हसली. मग सगळेच. बुवा नेहमीसारखे मागून हसले. पण पोथी पुन्हा बांधली नाही.

पाडव्याला देवळात बुवांचं नाव जाहीर झालं.

दांड्या खुंट्यांवर बसल्या, डोंगल निघाला, आणि त्यानंतरच्या आठ दिवसांत सॉफ्टवेअर एकदाही बंद पडलं नाही... म्हणजे वहीत एक नोंद होती, पाडव्यानंतरच्या रविवारची. गौरजानं निरोप धाडला, रविकांत आला, पेटी उघडली, तासभर बघितली, जेवला, गेला.

रामनवमीला तिच्या स्कूटरवर मागे तो बसला, मांडीवर आंब्याची पेटी घेऊन. "सावकाश घाल," म्हणाला. "माजो जीव गेलो तरी चलात, पेटी नवी गावूची नाय." कातळाचा सडा ओलांडताना खालून समुद्राचा चमचमता पट्टा दिसला आणि तिनं उगाचच गाडी आणखी हळू केली.

सभामंडपात पेटी हार्मोनियमच्या मागे, खांबाच्या आडोशाला ठेवली. दोन कान उभे केले. बुवा पगडी बांधून उभे राहिले, नमनाचा पहिला स्वर लावला... आणि तो बरोबर हार्मोनियमच्या सुरावर जाऊन बसला. गौरजानं डोळे मिटून घेतले. नवरात्रात ज्यांनी माना खाली घातल्या होत्या, त्या एकेक करून वर आल्या.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, साथीदारांनाही लावतात. हार्मोनियमवाला पाणी प्यायला उठला. बुवा समोरच्या खांबाशी, गळ्यात झेंडूचा हार, लोकांचे नमस्कार घेत उभे होते. पेटीपाशी ही दोघंच.

"गौरजा."

"काय ओ?"

"वही संपली. आता माका तुमच्या घराक येऊक कारण नाय."

ती पेटीकडे बघत राहिली. "मगे?"

"मगे... माका कारण नसताना येऊचा आसा. रोज. तुजो बापूस, तुजी आत्या नाय म्हणाली तर ओटीभायर उभो ऱ्हवान. माज्या आवशीक सवय आसा भायर उभा ऱ्हवाची, माकाय जमात."

"तुज्या आवशीक आज मी आत बसवलंय," गौरजा म्हणाली. तुमी कधी गळून पडलं तिला कळलं नाही. "आणि एक सांगूचा होता. ती रविवारची नोंद... खोटी. मशीन बंद पडूकच नाय."

"माका ठावक आसा."

"कसा?"

"मशीन आपली नोंद आपणच ठेवता गो. तुजी वही बघून मी ती उघडलंय. तेच्यात रविवार नव्हतो."

"मगे तासभर काय बघलंस?"

"तुका," रविकांत म्हणाला. "माका तू आवडतस, गौरजा."

हार्मोनियमवरच्या माइकचा बारीक लाल दिवा तेव्हा तिला दिसला. पेटलेला. तो पूर्वरंगापासून पेटलेलाच होता.

तिनं हळूहळू मान वर केली. समोरच्या खांबाशी बुवा नमस्कार घेताघेता थांबले होते. एक हात पगडीखालच्या कानावर. ते सरळ या दोघांकडे बघत होते.

सभा गोंगाटात होती. कुणाला काही कळलं नाही. बुवा चालत आले. रविकांत धडपडून उभा राहिला, तोंडाला रंग नाही. बुवांनी तबकातला बुक्का घेतला, त्याच्या कपाळाला लावला, आणि गळ्यातला झेंडूचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

"बुवा, मी..."

"साथीदारांका लावतत," बुवा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "वरीसभर कोणाचा हळू बोलणा माज्या कानार पडूक नाय. आज पयल्यांदा ऐकलंय, तां ह्यां." त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटी नोंद लिवलंस गो? माज्या पोरीन?"

"एकच, बाबा."

"रामरायाक सांगान ठेवतंय मी." आणि ते हसले. या वेळी कुणाच्या मागून नव्हे. सगळ्यांच्या आधी.

मग उत्तररंग. दुपारचे बारा. गुलाल उडाला, पाळण्याची दोरी हलली, आणि बुवांनी पाळणा धरला. पहिल्या ओळीला सभा उभी राहिली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतून एक बाई त्यांच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागली, मासळीची टोपली बाहेर ठेवून आलेली, डोळ्यांतून धार लागलेली. खांबाआड रविकांतच्या बोटांनी जमिनीवर तोच ठेका धरला होता. त्या बोटांवर गौरजानं आपली बोटं ठेवली. ठेका चुकला नाही.

मंडळी, गोष्ट एवढीच. त्या दोघांचं लग्न पुढल्या वैशाखात त्याच मंडपात झालं, आणि पेटी अजून देवळातच असते. बुवा आता वयोमानानं कीर्तन करत नाहीत, ओटीवर बसून पाटावर पायानं ठेका धरतात, आणि कुणी जवळ जाऊन बोललं तर फार खूष होतात.

तुमच्या घरीही कुणी सगळ्यांच्या मागून हसत असेल. आज उठलात की त्यांच्या कानाशी जा, सावकाश बोला. आणि बोलताना मिठबावच्या गणपतबुवांची आठवण ठेवा. विसरू नका हां त्यांना.